चव नोंदवही

माझ्या स्वयंपाकावर आजवर सात वह्या लिहून झाल्यात. शंभर पानी, आखीव, जाड पुठ्ठ्याच्या. त्यातली एकही कौतुकाची नाही. त्या सगळ्या माझ्या सासऱ्यांनी निळ्या शाईत लिहिल्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी सही घेतली. लोकांच्या सासूबाई टोमणे मारतात, ते निदान हवेत विरून जातात. माझ्याकडचे टोमणे तारखेसकट जपून ठेवलेले आहेत, लॉफ्टवर, सुटकेसच्या मागे.

ते रायगडातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. शाळेत मुलांना दुपारी खिचडी असायची आणि तिचा एक नियम असायचा. खिचडी शिजली की आधी मास्तरांनी चाखायची. मग अर्धा तास थांबायचं. मास्तर धडधाकट राहिले तर मुलांना वाढायची आणि तसं एका वहीत लिहून ठेवायचं. तिचं नाव चव नोंदवही. अशी वही सगळ्या शाळांमध्ये असते. ती रिटायर झाल्यावर घरी चालू ठेवणारा माणूस मात्र मी एकच बघितला.

सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे मीरा रोडला राहायला आले. हाटकेशला आमचा वन बीएचके, तिसऱ्या मजल्यावर. सोबत एक ट्रंक, एक छत्री आणि कोरी वही. पहिल्याच संध्याकाळी मी ताटं घेतली तर सासरे वाटीत चमचाभर वरण घेऊन ओट्यापाशी उभे. चाखलं, घड्याळ बघितलं आणि हॉलमध्ये जाऊन बसले.

"बाबा, बसा ना पानावर," मी म्हटलं.

"नऊ वाजून पाच मिनिटांनी," ते म्हणाले. "अर्धा तास थांबायला कुणाचं काय जातं?"

माझं जात होतं. मी दिवसभर पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर उभी राहून आलेली असायचे आणि वरण दोनदा गरम करायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. नवरा वापीला कंपनीत, तो शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. "चार दिवस करतील नि विसरतील गं," म्हणाला. त्याचे चार दिवस साडेचार वर्षं चालले.

वहीत रकाने होते. दिनांक, पदार्थ, चाखण्याची वेळ, चव, शेरा, चाखणाऱ्याची सही, स्वयंपाकिणीची सही. चाखण्यापासून सही होईपर्यंत ते मला 'तुम्ही' म्हणायचे. "तुम्ही मीठ कधी घातलंत?" "तुम्ही इथे सही करा." वही मिटली की मी परत 'तू'. त्यांचं म्हणणं, कामाच्या वेळी नातं मध्ये आणू नये. शेरे तर असे की वाचून हसावं की रडावं कळू नये. 'पोळी गोल आहे.' बस, एवढंच. 'भेंडी चिकट, पण तो तिचा स्वभाव.' 'आमटीत घाई दिसते.' घाई होतीच, आठ वाजता घरी पोचलेल्या बाईच्या आमटीत दुसरं काय दिसणार? सगळ्यात वरचा शेरा म्हणजे 'खाण्यायोग्य'. तो मिळाला की लेक टाळ्या वाजवायची. 'चव चांगली' असं त्यांनी साडेचार वर्षांत एकदाही लिहिलं नाही. बाकी कशावर काही लिहोत न लिहोत, मी मनातल्या मनात त्या दोन शब्दांची वाट बघायचे. लाज वाटते सांगायला, पण बघायचे.

लोकांना वाटतं, घरात खाण्याचे नखरे असतील तर ते मुलांचे. माझी पोरगी पाचवीत होती तेव्हा, आणि तिच्यापुढे दगड ठेवला असता तर लिंबू पिळून खाल्ला असता. नखरे सत्तरीच्या माणसाचे होते. ते चार गोष्टी खायचे. पांढरा भात, साधं वरण, उकडलेला बटाटा आणि तळलेला मासा. झालं. नियम एकच, पानातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना वेगळी दिसली पाहिजे. मिसळलेलं, वाटलेलं, सारण भरलेलं, एकात एक गेलेलं त्यांना चालायचं नाही. भाजी केलीच तर आधी तिची हजेरी द्यावी लागायची.

"हजेरी द्या," म्हणायचे.

"कांदा."

"हजर आहे का? दिसत नाही."

"बारीक चिरलाय, बाबा."

"मग उभं करा त्याला."

मी चमच्याने कांदा शोधून दाखवायची. शेजारच्या गुजराती भाभीने एकदा प्रेमाने हांडवो पाठवला, आठ भाज्या नि चार डाळी घातलेला. तो त्यांनी चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "एवढ्या पटाला दोन शिक्षक लागतील." भाभीला मी हिंदीत सांगितलं, बाबूजी को बहुत अच्छा लगा. खाल्ला आम्ही मायलेकींनी.

आणि एक पदार्थ असा होता की त्याची हजेरीसुद्धा ते घ्यायचे नाहीत. खिचडी. तिचं नाव काढलं की उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, इतकी वर्षं शाळेत खाऊन कंटाळले असतील. पण माझ्यासारख्या बाईच्या घरातून खिचडी जाणं म्हणजे काय, ते ज्या बाया नोकरी करून येतात त्यांनाच कळेल. कुकर लावला, तीन शिट्ट्या, सुटले, ही एवढी एकच सोय देवाने आमच्यासाठी ठेवलीय. तीही गेली. मी वरण वेगळं, भात वेगळा, बटाटा वेगळा, आमच्यासाठी भाजी-पोळी वेगळी करत बसायची. ओट्यावर चार भांडी नि कपाळावर आठी, असं माझं त्या दिवसांचं चित्र.

माशांच्या बाबतीत तर बाजारात बरोबर जायची सोय नव्हती. उत्तनहून एक मावशी टोपली घेऊन आमच्या नाक्यावर बसते. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून बोंबिलाचे कल्ले उचलणार, वास घेणार आणि विचारणार, "कधी निघाला पाण्यातून?"

"सकालचाच हाय, मास्तर."

"किती वाजता?"

"आता बोंबलाच्या हातात घड्याल न्हाय ना," मावशी म्हणायची. मागे रांग वाढायची, बायका माझ्याकडे बघायच्या, मी मोबाईलमध्ये डोकं घालायची. पण मावशीने कधी त्यांना शिळा मासा दिला नाही. आपणहून म्हणायची, "आज नको घेव, मास्तर. आज न्हाय बराबर."

मग एक दिवस माझ्याच लॅबमध्ये त्यांचा रिपोर्ट आला. दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट पाकिटात घालते, तसा तोही हातात आला. तीन महिन्यांची साखर एवढी वाढलेली की मी काउंटरवरूनच डॉक्टरांची वेळ घेतली. बेव्हर्ली पार्कजवळ आमचे डॉक्टर आहेत, त्यांनी वजन केलं तर सहा महिन्यांत पाच किलो गेलेलं. डॉक्टरांनी मलाच बाहेर बोलावलं. म्हणाले, "भात-बटाटा कमी करा. डाळी, भाज्या, दलिया पोटात जायला पाहिजे. नुसत्या गोळ्यांवर नाही होणार. हे असंच खात राहिले तर वर्षभरात खाटेवर येतील." आणि मग हसून म्हणाले, "सोपं आहे हो. खिचडी घाला ना, भरपूर भाज्या टाकून."

मी घरी येऊन मोबाईलवर शोधत बसले. सोपे, पौष्टिक पदार्थ, न खाणाऱ्यांसाठी. काय तो खजिना. प्रत्येक रीलमध्ये एक बाई, धुतलेले केस, पांढराशुभ्र ओटा, आणि मिक्सर. सगळ्यांचा सल्ला एकच. वाटा आणि लपवा. पालक पोळीत लपवा, बीट डोशात लपवा, दुधी कशातही लपवा, कळणारसुद्धा नाही. त्या बायांच्या घरी माझे सासरे पाठवायला पाहिजे होते. मी चाळीसेक पाककृती सेव्ह केल्या. लंच टाइममध्ये डबा खाता खाता कागदावर आठवड्याचा तक्ता केला, सोमवार ते रविवार. लेकीने तो फ्रिजवर लावला. सोमवारचं पान त्यांनी परत केलं. मंगळवारचं परत केलं. बुधवारी मी हरले आणि लपवाछपवी केली.

थालीपीठ केलं. दुधी किसून, पिळून, मुगाची डाळ भिजवून वाटून, सगळं पिठात. हजेरी द्यायची वेळ आली तेव्हा मी सांगितलं, ज्वारी, बेसन, कांदा, कोथिंबीर. दुधी नि डाळ वगळली. ओट्याकडे बघत सांगितलं, त्यांच्याकडे नाही.

त्यांनी तुकडा तोंडात घातला. घड्याळ बघितलं. अर्धा तास हॉलमध्ये बसून राहिले. मग वही उघडली आणि लिहिलं, 'एक विद्यार्थी गैरहजर दाखवला आहे, परंतु वर्गात बसलेला आहे.' वही माझ्यापुढे केली. "तुम्ही सही करा."

आता वाचायला गंमत वाटते. तेव्हा नाही वाटली. ते पानावरून उठले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातचं काहीच खाल्लं नाही. स्वतः पातेलीत भात शिजवला आणि मीठ लावून खाल्ला. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांची मनगटं बघवत नव्हती, घड्याळाचा पट्टा आतल्या भोकात गेलेला. आणि माझा तोल गेला.

"मी कुणासाठी मरतेय इथे?" मी म्हटलं. "तुमच्यासाठी दिवसभर डोकं फोडते आणि तुम्ही माझीच चोरी पकडताय? सही करा, सही करा. तुमच्या शाळेतली खिचडीवाली नाहीये मी."

 ते रागावले नाहीत. चेहरा असा पांढरा झाला की लेकीने धावत पाणी आणलं. पाणी प्यायले, वही उचलून ट्रंकेत ठेवली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती बाहेर आली नाही. जेवण वेळेवर व्हायला लागलं, गरमागरम. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण घरात असं शांत झालं की कुकरच्या शिट्टीने दचकायला व्हायचं. ते तेवढाच भात, तेवढंच वरण खात होते, त्यातलंही थोडं ताटात राहायचं. मी कुणाला सांगणार, आणि काय?

त्याच महिन्यात त्यांच्या गावच्या एक बाई आल्या. भाईंदर पूर्वेला त्यांच्या भाचीचं लग्न होतं, म्हणून गुरुजींना भेटायला. साठीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर. बाबांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. मी चहा टाकायला आत गेले तर मागोमाग त्याही आल्या आणि ओट्यावर हात फिरवत म्हणाल्या, "मीच ती. शाळेत खिचडी करायची."

मला धरणी ठाय देईना. माझं ते वाक्य कुणी यांना सांगितलं की काय, असं वाटून गेलं. पण त्यांना काही माहीत नव्हतं. त्या विचारत होत्या, "गुरुजी जेवतात का गो नीट? लय वाळलेत."

मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. भात, बटाटा, हजेरी, वही. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि नवऱ्यालाही ते नीटसं माहीत नव्हतं.

एक दिवस मास्तरांना तालुक्याला मीटिंग होती. सकाळीच निघायचं होतं. निघताना त्यांनी वहीत त्या दिवसाची ओळ भरून ठेवली. 'चव चांगली', खाली सही. खिचडी तेव्हा चुलीवर चढलीही नव्हती. सगळेच मास्तर असं करायचे. त्या दिवशी तेलाचा नवा डबा फोडला होता आणि तेल बिघडलेलं निघालं. दुपारी पोरं ओकायला लागली. कुणी दगावलं नाही, दोन दिवसांत सगळी बरी झाली. पण चौकशी आली. चौकशीवाल्यांनी वही बघितली. मास्तरांनी चाखली तेव्हा खिचडी चांगली होती, म्हणजे बिघडवलं ते मागाहून खिचडीवालीने.

"मला काढून टाकली," बाई म्हणाल्या. "गावात कोन पानी देईना. मंग आठ दिसांनी गुरुजी तालुक्याला गेले नि लिवून दिलं, की मी चाखलीच नव्हती, न चाखता लिवलं. त्यांना कोन बोललं नव्हतं, बाय. आपल्या हातानं लिवून दिलं. मला परत घेतली. त्यांची बदली केली लांब, डोंगरात."

"आणि खिचडी?"

"ती मंग शाळेत रोज चाखायचे चमचाभर, नियम म्हनून. घरात कधी नाय खाल्ली." चहाचा कप धुऊन त्यांनी पालथा घातला. "माझा काय राग नाय. त्यांचाच हाय, त्यांच्यावर."

 त्या गेल्यावर बाबांची माफी मागायची होती, पण ते मला जमत नाही, आमच्या माहेरी कुणालाच जमत नाही. मी ट्रंक उघडली, वही काढली आणि ओट्यावर ठेवली. संध्याकाळी ते आले, वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वाटीत वरण घेतलं, चाखलं आणि घड्याळ बघितलं.

"तुम्ही हिंग जास्त घातलंत," म्हणाले. इतकं बरं वाटलं मला. पण खाणं वाढलं नाही. वही परत आली, भूक आली नाही. पुढच्या महिन्यात वजन आणखी किलोभर उतरलं, आणि डॉक्टर आता हसत नव्हते.

मग मीच आडवी झाले. व्हायरल. अंग असं मोडलं की पहिल्या दिवशी मी हॉलमधल्या दिवाणावरून संडासापर्यंत भिंत धरून जात होते. नवऱ्याला सुट्टी मिळेना, तो दोन दिवसांनी येणार होता. लेकीला भाभी जेवू घालत होती. माझ्यासाठीही तिने काहीबाही पाठवलं, पण ते मी तोंडाला लावून बाजूला सारत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दिवाणाशी येऊन उभे राहिले.

"काल सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस."

"नको वाटतंय, बाबा."

"हे बरं आहे," ते म्हणाले. "मला सांगतेस आणि स्वतः नखरे करतेस."

आणि स्वयंपाकघरात गेले. दिवाणावरून आमचा ओटा सरळ दिसतो. मी पडल्या पडल्या बघत होते. त्यांनी तांदूळ धुतले. मुगाची डाळ धुतली. फ्रिजमधून दुधी काढला आणि त्याच्या ह्या एवढाल्या फोडी केल्या, लपवायचा प्रश्नच नव्हता. हळद, मीठ, आलं. कुकर लावला. मला काही कळेचना, तापात मला भास होतायत की काय असं वाटलं. फ्रिजवर माझा तक्ता अजून लटकत होता, त्याच्याकडे त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "गुरुवारी हेच लिहिलं आहेस तू." तो गुरुवारच होता.

कुकर उघडला. वाफ गेली. त्यांनी वाटीत चमचाभर खिचडी घेतली आणि तिथेच थांबले.

नियम त्यांचाच होता. दुसऱ्याला वाढायच्या आधी आपण खायचं. घरात दुसरं कुणी नव्हतं, लेक शाळेत. वाटी हातात, दुसऱ्या हाताने ओट्याची कड धरलेली. मला म्हणावंसं वाटलं, राहू दे बाबा, नका चाखू, मी खाते तशीच. पण म्हटलं नाही. का ते माहीत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. गिळायला इतका वेळ लावला की मी उठून बसले. मग त्यांनी वाटीतलं उरलेलंही खाल्लं. घड्याळ बघितलं, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले.

अर्धा तास आम्ही दोघं तसेच बसलो. मी तापाने फणफणलेली, ते खुर्चीत ताठ. माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे आणि त्यांचं स्वतःच्या पोटाकडे. पंख्याचा आवाज येत होता. एकदा विचारलं, "बरं वाटतंय ना, बाबा?" तर म्हणाले, "अजून अकरा मिनिटं आहेत."

वेळ झाल्यावर ताटली भरून आणली. हजेरी त्यांनीच दिली. "तांदूळ हजर. मूग हजर. दुधी हजर. आलं किसलेलं आहे, पण आहे." मी खाल्ली. पाच-सात घास झाले असतील. मग त्यांनी वही आणली, रकाने भरले, आणि शेऱ्याशी थांबून पेन माझ्याकडे दिलं.

"आज शिजवणारा मी आहे. शेरा तुम्ही लिहायचा."

मी लिहिलं, 'चव चांगली'. सही केली.

त्यांनी ते बराच वेळ वाचलं. दोनच शब्द होते. मग पेनचं टोपण लावलं, "बरं," म्हणाले, आणि आपल्यासाठी ताट वाढून घ्यायला आत गेले. खिचडीचं.

त्यानंतर आमच्या घरी दर गुरुवारी खिचडी झाली. दुधी नाहीतर तांबडा भोपळा, फोडी मोठ्या. मग सोमवारीही व्हायला लागली. दलियाचीही खाल्ली त्यांनी, दोनदा हजेरी घेऊन. वजन थांबलं, मग दोन किलो वर आलं. साखर अगदी शहाण्यासारखी वागली असं नाही, पण डॉक्टर पुन्हा हसायला लागले. माझ्या खिचडीला शेरा मिळायचा, 'खाण्यायोग्य'. त्याच्यावर कधी गेला नाही.

असे ते दीड वर्ष राहिले. गेले ते झोपेत, दुपारच्या, हृदयाने. वजन काट्यावर एकोणसाठ होतं, मी आदल्याच आठवड्यात केलं होतं. मला त्या आकड्याचा अजून अभिमान आहे, कुणाला सांगण्यासारखा नाही तरी.

दिवसकार्य झाल्यावर ट्रंक आवरताना सगळ्या वह्या निघाल्या. पाचवी चाळताना मला तो गुरुवार सापडला. माझ्या 'चव चांगली'च्या खाली त्यांनी पेन्सिलने, बारीक अक्षरात लिहिलं होतं. मला न दाखवता, कधीतरी नंतर. 'ताप एकशे दोन. जिभेला चव असणे शक्य नाही. शेरा न चाखता दिल्यासारखाच आहे.' आणि त्याच्या खालच्या ओळीवर, 'समोरच्याला बरे वाटावे म्हणून लिहिला. खोडलेला नाही.'

मी ती वही मांडीवर घेऊन ट्रंकेपाशीच बसले. लेकीने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं.

परवा गुरुवारी खिचडी केली. वाटीत घेऊन चाखली आणि सवयीने घड्याळ बघितलं. लेक आता दहावीला आहे, क्लासहून भुकेली आलेली, ती म्हणाली, "आई, आता कुणासाठी थांबतेस?" थांबायला कुणाचं काय जातं, म्हटलं मी. मीठ थोडं कमी होतं. सातव्या वहीत पानं शिल्लक आहेत, तर तसं लिहिलं आणि दोन्ही रकान्यांत माझीच सही केली.

पण त्यांनी केलेल्या त्या खिचडीची चव कशी होती, ते मला खरंच माहीत नाही. अळणी होती की खारट, आलं लागत होतं की नाही, काहीच कळलं नव्हतं. तेव्हा विचारायला हवं होतं, पुन्हा कराल का म्हणून. नाही विचारलं. फक्त कोमट होती एवढं आठवतं, कारण अर्धा तास थांबली होती.